दर पावसाळ्यानंतर स्कीची कमान उतरते? साचा बदलण्याआधी साचा मोजा

तक्रार नेहमी सारखीच असते. जानेवारीत घरच्या साच्यावर स्कीची जोडी काढली, मधली कमान, म्हणजे स्की सपाट जागी ठेवली की मधला भाग जमिनीपासून जेवढा उचललेला राहतो ती उंची, छान ५ मिमी भरली. सप्टेंबरात त्याच साच्यावर, तेच लाकूड, तेच काचकापड, तेच इपॉक्सी (थर चिकटवणारं, घट्ट होणारं रेझिन) वापरून दुसरी जोडी काढली, तर कमान जेमतेम अडीच. मग साचा दाबाने बसला असं समजून नवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आणायचा आणि नवा साचा कापायचा. वर्षभर बरं चालतं, पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. मी आणि दादाने बडोद्यात असे तीन साचे भंगारात घातले. चौथ्याच्या वेळी आधी मोजमाप केलं, तेव्हा कळलं की तिन्ही वेळा आम्ही जखम मांडीला आणि मलम शेंडीला लावत होतो.

आमच्यासारख्यांची अडचण अशी की बडोद्याला बर्फ नाही. औलीला किंवा गुलमर्गला वर्षातून एकदा जाणं होतं, त्यामुळे इथे केलेली चूक तिथे पोचल्यावरच कळते. औलीला सकाळचा बर्फ कडक असतो. त्यावर कमान उतरलेली स्की दोन वळणांत ओळखू येते: बुटाखालचा भाग धरतो, पुढचा आणि मागचा भाग धरतच नाही, आणि अख्खी स्की बाजूला घसरते. उभ्या माणसाचं वजन मध्येच साचू न देता पुढेमागे वाटणं हे कमानीचं काम. अडीच मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, पण ५ मिमीतले अडीच गेले तर निम्मं काम गेलं.

आमची मांडणी सांगते, म्हणजे पुढचे आकडे तुम्हाला तुमच्या साच्याशी ताडून बघता येतील. स्की १७६ सेंमी लांब, जमिनीला टेकणारी लांबी १३५ सेंमी, साच्याची रुंदी १६ सेंमी, उंची मधल्या भागात साधारण १० सेंमी. दाबासाठी प्रेस नाही, व्हॅक्यूम बॅग आहे, म्हणजे पिशवीतली हवा काढून घ्यायची आणि बाहेरच्या हवेला दाबू द्यायचं. पंप म्हणून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. गेजवर पाऱ्याचे ६४-६५ सेंमी दिसतात, म्हणजे साधारण ०.८५ बार. एवढ्यानेही एका स्कीवर सव्वादोन टनांच्या आसपास भार येतो.

मोजायचं कसं

कमानीच्या जागी साचा मध्ये उंच असतो, त्यामुळे वरून नुसती दोरी ताणली तर ती मध्ये टेकते आणि काहीच कळत नाही. २० मिमीचे दोन अगदी सारखे ठोकळे घ्या. स्की जिथे जमिनीला टेकते त्या दोन जागी ठेवा. त्यांच्यावरून मासे धरायची बारीक नायलॉन दोरी ताणा, इतकी की बोटाने छेडली तर तंबोऱ्यासारखी वाजली पाहिजे. आता मधोमध दोरी आणि साचा यांच्यातलं अंतर व्हर्नियरने मोजा. कमान ५ मिमी असेल तर १५ यायला हवं. जास्त आलं तर तेवढी कमान गेली. दर १५ सेंमीवर असंच मोजा आणि आकडे साच्याच्या बाजूवर पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवा. वहीत लिहू नका, वही हरवते.

हे मोजमाप तीनदा घ्यायचं: साचा रिकामा आणि थंड असताना, जोडी काढल्यावर साचा गरम असताना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. शिवाय कोरड्या दिवसांत एकदा आणि भर पावसात एकदा. आमच्या तिसऱ्या साच्यावर जानेवारीत १५.० होते, ऑगस्टमध्ये १७.३. मध्ये एकही जोडी काढली नव्हती. म्हणजे दाबाचा काही संबंधच नव्हता, साचा नुसता पडून असताना वाकला होता.

एमडीएफ दाबाने चिरडतो हा समज सोडून द्या. त्याची दाब सोसायची ताकद आपल्या १ बारच्या कितीतरी पट आहे. प्रेसच्या ३ बारलाही तो भरीव असेल तर दबत नाही.

मग वाकला कशाने

आमच्या सोसायटीत एक काका राहतात. आयुष्यभर फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, सागाचे पॅटर्न बनवायचे. त्यांना साचा दाखवला. त्यांनी वरच्या बाजूकडे बघितलंच नाही. साचा उलटा करायला लावला आणि खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. वर सनमायका, बाजूंना रंगाचा एक हात, आणि खालचा भाग कोरा. तिथला एमडीएफ जुन्या वहीच्या कोपऱ्यासारखा फुगून खरखरीत झाला होता.

“अगं, लाकूड सगळीकडून सारखं भिजलं तर फुगतं, पण वाकत नाही,” ते म्हणाले. “एका अंगाने भिजलं की वाकतं. तुम्ही वरून रेनकोट घातलाय आणि पाय पाण्यात ठेवलेत.”

त्यावर मी हिशेब केला. साचा १९० सेंमी लांब, १० सेंमी उंच. खालची बाजू वरच्यापेक्षा हजारात एक भाग, म्हणजे जेमतेम २ मिमी लांब झाली, तर दोन्ही टोकं उचलली जातात आणि १३५ सेंमीच्या पट्ट्यात मध्यभाग सव्वादोन मिमी खाली जातो. आमच्या १७.३ चं कोडं इथे सुटलं. एमडीएफची लांबी कोरड्या आणि दमट हवेत हजारात दोन-तीन भागांनी बदलू शकते, आणि बडोद्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये फरशीवर ठेवलेल्या लाकडाला खालून ओल मिळतच राहते. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्या समा भागात शिरलं, तेव्हा तर साचा रात्रभर घोटाभर पाण्यात होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगायला नको.

प्रेसवाल्यांना हा त्रास कमी होतो, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रेसमध्ये होज, म्हणजे हवा भरायची जाड नळी, फुगते आणि साच्याला खालच्या लोखंडी चौकटीवर दाबून सरळ करते. तिथे चौकट सरळ असली की निभावतं. व्हॅक्यूममध्ये हवा वरून दाबते तशी साच्याच्या खालूनही दाबते. साचा टेबलावर दाबला जात नाही, तो जसा वाकलेला असेल तसाच राहतो आणि तोच आकार स्कीत उतरतो. म्हणून व्हॅक्यूमवाल्याने साचा स्वतःच्या बळावर सरळ राहील असाच करायला हवा.

साचा ठीक, तरी स्की सपाट

दोरीखालचे आकडे बारा महिने सारखे असतील आणि तरी कमान कमी येत असेल, तर साच्याला हात लावू नका. उष्णता बघा. आम्ही आधी फक्त वरून हीटिंग पॅड टाकायचो. वर ७० अंश, खाली ४५. इपॉक्सी घट्ट होतं तेव्हा वरचे थर जास्त तापून लांबलेले असतात. थंड झाल्यावर ते जास्त आकसतात, टोकांना वर ओढतात आणि कमान खाऊन टाकतात. उपाय सोपा आहे. सगळा साचा एका प्लायच्या पेटीत ठेवा, हीटर आणि छोटा पंखा आतली हवा फिरवेल असा लावा, थर्मोस्टॅट ५० वर ठेवा आणि खाली-वर दोन थर्मामीटर खोचा. दोन्हींत ३-४ अंशांपेक्षा जास्त फरक नको. साचा तापायला वेळ लागतो, म्हणून तो दोन तास आधीपासून पेटीत असावा. मात्र काचकापडाला इपॉक्सी लावायचं काम पेटीबाहेर, सावलीत उरका. मे महिन्यात ४२ अंशांना इपॉक्सी भांड्यातच धरतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो.

साचा भरीव नसून फासळ्यांवर, म्हणजे उभ्या पट्ट्यांवर, पत्रा किंवा प्लाय ठोकून केलेला असेल आणि स्कीच्या तळावर लाटा दिसत असतील तर कारण वेगळं. तळ ट्यूबलाइटखाली तिरका धरा. उजेडाची रेघ ठराविक अंतरावर नागमोडी होत असेल तर ते अंतर मोजा, ते साच्याच्या फासळ्यांमधल्या अंतराइतकंच भरेल. फासळ्यांवरचा पत्रा किंवा प्लाय मध्ये दबतोय. जाडी वाढवण्याआधी अंतर कमी करा. फासळ्यांमधली जागा निम्मी केली तर झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. आमचा ४ मिमी प्लाय ९ सेंमीच्या फटीत साधारण अर्धा मिमी दबत होता.

पीळ बघायला दोन सरळ पट्ट्या साच्याच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एका डोळ्याने एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघा. समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. बहुतेक वेळा साचा भिंतीला तिरका टेकवून ठेवल्याने तो येतो. आडवा आणि सपाट ठेवा.

एमडीएफ नको, तर मग काय

इथे प्रत्येकाला आधी कडक वस्तू सुचते. पण आपल्याला कडकपणा फार लागतच नाही. ओल, ५०-६० अंशांची उष्णता आणि दोन-चार वर्षं, या तिन्हींत आकार न बदलणारी वस्तू लागते. या तीन गाळण्यांतून बघितलं की बरीचशी नावं आपोआप गळतात.

थर्माकोल तर गाळण्यांपर्यंत पोचतच नाही, आधी दाबातच जातो. पॅकिंगच्या साध्या, घनमीटरला १५ किलोवाल्या थर्माकोलवर ७० किलोपास्कलच्या आसपास भार आला की तो दहा टक्के दबतो. आपलं व्हॅक्यूम ८५ चं. पंप सुरू केला की डोळ्यांदेखत बसतो. निळा किंवा गुलाबी एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलचाच घट्ट भाऊ, मिळाला तर गोष्ट निराळी, तो २५०-३०० सोसतो. एक-दोन प्रयोगाच्या जोड्यांसाठी, खोलीच्या तापमानाला, त्याचा साचा झटपट होतो. गरम पेटीत मात्र ठेवू नका.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा बोर्ड) आणि पीव्हीसी फोम बोर्डबद्दल जरा कळकळीने सांगते, कारण दुसरा साचा आम्ही त्याचाच केला होता. पाण्याचं भय नाही, राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, लोण्यात चालावा तसा चालतो, दुकानदारही तोच पुढे करतो. ओलीतून सुटलो आणि उष्णतेत सापडलो, आगीतून फुफाट्यात. ६० अंशांच्या पुढे ते मऊ पडू लागतं. आमच्या साच्याची चोच, म्हणजे पुढचा वर वळणारा भाग, तिसऱ्या जोडीनंतर ८ मिमीने खाली आली होती आणि स्कीच्या लोखंडी कडांचे ठसे त्यात कायमचे उमटले होते. थंड कामालाच वापरणार असाल तर हरकत नाही.

काँक्रीट खरोखर चांगलं आहे. न कुजणारं, न पिळणारं, लोखंडाइतकंच प्रसरण पावणारं. पण १८० सेंमी लांब, २० रुंद आणि १२ उंच साचा १०० किलोच्या पुढे जातो, आणि तो ४० अंशांनी तापवायला जवळजवळ एक युनिट वीज फक्त साचाच खातो. एकदा ओतला की कमान बदलता येत नाही. ज्याचा आराखडा पक्का ठरलाय आणि ज्याची जागा तळमजल्यावर आहे, त्याने जरूर करावा. २८ दिवस पाणी मारून, मग महिनाभर वाळवून, वर इपॉक्सी पुट्टी घासून घ्यावी. घाईने वापरला तर आतली ओल व्हॅक्यूमखाली वर येते.

एएसी ब्लॉक, बांधकामावरचे ते हलके पांढरे ठोकळे, मी स्वतः वापरून बघितले. साध्या करवतीने कापले जातात, कानशीने आकार घेतात आणि दाबाला पुरेसे आहेत. कडा मात्र बोटानेही झडतात आणि ठोकळ्यांच्या सांध्यांवर हमखास पायरी राहते. वर काचकापड आणि इपॉक्सीचा थर दिला तरच काम होतं. कापताना मास्क लावाच, त्या धुळीत सिलिका असते.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत टाक्या आणि पत्रे करणारे एफआरपीवाले, म्हणजे काचकापड आणि रेझिनचं काम करणारे, आहेत, तेव्हा काचकापडाचा साचा हा बडोद्यात सहज सुचणारा पर्याय. अडचण अशी की ते लोक सवयीने पॉलिएस्टर रेझिन वापरतात. ते घट्ट होताना बरंच आकसतं आणि लांब, अरुंद साचा त्या आकसण्याने वाकतो. साचा हवा तर इपॉक्सी किंवा व्हिनाइल एस्टर सांगा, जाडी ८-१० मिमी ठेवा आणि मागची चौकट रेझिन पूर्ण घट्ट झाल्यावरच जोडायला सांगा. आणि लक्षात घ्या, त्यासाठी आधी एक मूळ नमुना लाकडात करावाच लागतो. पाच-सहाच जोड्या काढायच्या असतील तर हा द्राविडी प्राणायाम आहे.

लोखंडी फासळ्या लेझरने कापून वर ३ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, हा कायमचा साचा. फासळ्या लांबीच्या दिशेने, ३ सेंमीवर एक. फक्त पत्रा सगळीकडे वेल्ड किंवा स्क्रू करून जखडू नका. ५० अंश तापमानवाढीला १८० सेंमीचं ॲल्युमिनियम २ मिमी लांबतं, तेवढंच लोखंड १ मिमी. एका टोकाला पक्कं धरा, बाकी ठिकाणी स्क्रूची भोकं लांबट ठेवा, नाहीतर पत्रा मध्ये फुगतो.

आम्ही शेवटी काय केलं

शटरिंग प्लाय. स्लॅब ओतताना वापरतात तो, दोन्ही बाजूंना तपकिरी फिल्म असलेला, १८ मिमी जाड. ओल्या काँक्रीटसाठीच केलेला असल्यामुळे त्यातला गोंद पाण्याला आणि उष्णतेला दाद देत नाही. आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लायही चालतो, पण महाग पडतो. ८ बाय ४ च्या एका शीटमधून ११ सेंमी उंचीच्या नऊ फासळ्या निघतात. नऊ गुणिले १८ म्हणजे १६२ मिमी, पूर्ण भरीव साचा, फटच नाही, त्यामुळे लाटांचा प्रश्नही मिटला. शीट घेताना बोटाच्या पेराने ठोकत जा. जिथे बद्द आवाज येईल तिथे आत पोकळी आहे, तो भाग टाका. फासळ्या एकाआड एक उलट्या लावा, म्हणजे शीटचा मूळचा बाक एकमेकांना मारतो. १२ मिमी प्लायचा एकच नमुना रंधा आणि काचकागदाने मनासारखा करून घ्या आणि राउटरच्या बेअरिंगवाल्या बिटने बाकीच्या सगळ्या फासळ्या त्यावरून काढा. आमचा दिवस या नमुन्यावरच गेला, आणि तो जायलाच हवा.

चिकटवण्याआधी फिल्म ६० नंबरच्या कागदाने पूर्ण घासून काढा, त्यावर काहीही धरत नाही. पांढरा पीव्हीए गोंद वापरू नका. तो सततच्या ताणाखाली आणि उष्णतेत हळूहळू सरकतो. पहिल्या साच्यात चोचीवर वाकवून चिकटवलेली सनमायका याच गोंदामुळे सुटून उचलली गेली होती. इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून घ्या आणि आरपार पाच ठिकाणी १० मिमीचे आटे पाडलेले रॉड नटांनी आवळा. मग सगळ्यात महत्त्वाचं: सहाही बाजूंना इपॉक्सीचे दोन हात. खालच्या बाजूला, टोकांना, रॉडच्या भोकांच्या आतूनसुद्धा. पहिला हात बोटाला चिकट लागतोय तोवरच दुसरा मारा. हे काम पावसाळ्यात करू नका, दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय येते आणि वरचा हात धरत नाही. या सगळ्या आवरणामुळे व्हॅक्यूमची गळतीही थांबली. एमडीएफच्या कोऱ्या कडांमधून हवा आत येत होती आणि आम्ही उगाच बॅगेची टेप बदलत होतो.

एक पर्याय राहिला, आणि काकांच्या मते तोच पहिला: जुने वाडे उतरवताना निघणाऱ्या सागाच्या तुळया. पन्नास-साठ वर्षं मुरलेलं लाकूड, लांबीच्या दिशेने जवळपास हलतच नाही. पट्ट्या पाडून, चिकटवून, वर शेलॅक. खिळे शोधून काढायची चिकाटी असेल तर करून बघा. आमच्या हाती तेवढी सरळ तुळई लागली नाही.

साचा आता फरशीवर नाही. चौकोनी लोखंडी पाइपच्या चौकटीवर, २० मिमीच्या ठोकळ्यांवर ठेवलाय, खालून हवा खेळते. बाजूवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे असे: पावसाआधी १५.०, सगळ्यात ओल्या आठवड्यात १५.२, नवरात्रात १५.१. नवरात्रानंतर काढलेल्या जोडीची कमान पेटीतून काढल्यावर एका स्कीला ४.८ आणि दुसरीला ४.७ भरली. एक रात्र थांबून पुन्हा मोजली, तेव्हाही तीच होती.